टाचेला सैल, चवड्याला घट्ट

"माझे बूट कुणीतरी बदललेत," असं म्हणतच म्हातारे गृहस्थ आत आले. खुर्चीवर बसण्याआधी त्यांची नजर भावजींच्या पायांवर गेली. "आणि तुमचा नंबर सात आहे. घातलेत सहा."

भावजींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. नवे बूट सकाळपासून चावत होते, पण ही गोष्ट त्यांनी वहिनींपासूनसुद्धा लपवून ठेवली होती.

"आता बसा, आणि सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

त्यांना सगळेच वहिनी म्हणत. विमा कंपनीत लोकांचे दावे खरे की खोटे हे तपासण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती. ती सुटल्यावर त्यांनी घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरची ही खोली घेतली आणि दारावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी लावली. भावजी म्हणजे त्यांचे दीर, निवृत्त चित्रकला मास्तर. नकाशे काढायला, पिशवी धरायला आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायला ते त्यांच्यासोबत असत. शेवटचं काम ते अगदी मनापासून करत.

"चौकातलं बुटांचं मोठं दुकान आठवतं तुम्हाला?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"न आठवायला काय झालं? माझ्या वडिलांचे बूट तिथलेच असायचे. जमिनीला टेकलेला तिरका आरसा होता, त्यात फक्त पायच दिसायचे. आणि एक उंच माणूस गुडघ्यावर बसून..." वहिनी थांबल्या. "नंबरकाका?"

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या चालीवरून बुटाचा नंबर सांगणारा तो माणूस हाच होता. आता त्या जागी मोबाईलचं दुकान होतं. पण त्या पायऱ्या चढताना आजही कातड्याचा आणि पॉलिशचा वास येतो असं वहिनींना वाटे. नवीन बुटांचं खोकं काखेत मारून वडील घरी यायचे तेव्हा घरभर तोच वास पसरायचा.

नंबरकाकांनी पिशवीतून काळ्या बुटांचा जोड काढून टेबलावर ठेवला. लेसवाले, जुने, पण निगुतीनं वापरलेले बूट होते.

"दुकानानं दिलेले. गावातला सगळ्यात चोख माप घेणारा म्हणून मालकांनी सगळ्यांसमोर सत्कार केला आणि म्हणाले, हवा तो जोड उचल. तेव्हापासून बाहेर जायचं म्हटलं की हेच. बूट पायात आहेत हे विसरायला व्हायचं, असे बसायचे. ही गेल्यापासून मी ते घातले नव्हते. परवा दुकानातल्या जुन्या मंडळींनी भेटायचं ठरवलं, म्हणून काढले. सभागृहाच्या पायऱ्या उतरताना टाच निसटली आणि मी पडलो. गुडघ्यावर निभावलं."

"म्हणजे बूट सैल झालेत," भावजी म्हणाले.

"टाचेला सैल. पण चवड्याला घट्ट, बोटं नुसती चेचली जातात."

भावजींना हसू आवरलं नाही. "एकच बूट मोठाही आणि लहानही?"

"माझा मुलगाही असाच हसला," नंबरकाका शांतपणे म्हणाले. "मग हसायचा थांबला आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला. त्याचं म्हणणं, बूट तेच आहेत, माझंच डोकं ठिकाणावर नाही. आता एकटं राहायचं नाही, घराला कुलूप लावायचं आणि त्याच्या गावी जायचं. मी रागाच्या भरात बोलून बसलो की बूट तेच निघाले तर किल्ली तुझ्या हातात देईन. उद्या तो परत निघतोय."

त्यांनी बुटावरून हात फिरवला. "मला त्या घरातून हलायचं नाही, वहिनी. तिथं तिनं मांडलेली भांडी अजून तशीच आहेत. पण खरं सांगू? घरापेक्षा दुसरीच भीती वाटते. बूट तेच असतील, तर मग मला खरंच काहीतरी होतंय."

वहिनींनी बूट उचलला. "बदललेत कशावरून म्हणता?"

"ही जीभ बघा. लेसखालची. माझ्या बुटाची जीभ गादीसारखी जाड होती, आता तसे बूट येत नाहीत. ही बघा, पुठ्ठ्यासारखी."

"संशय कुणावर?"

"शेजारी. आमच्याच दुकानात कॅशियर होता. त्यानं त्याच दिवशी असाच जोड विकत घेतला होता. त्याचा पूर्वीचाही इतिहास आहे. हे बूट आले त्याच वर्षी माझी राखाडी फेल्ट हॅट खुंटीवरून नाहीशी झाली. त्या दिवशी घरी तोच आला होता. ही म्हणाली वाऱ्यानं उडाली असेल. घरातल्या खुंटीवरून हॅट उडेल, एवढा वारा मी तरी पाहिला नाही."

भावजींनी वहीत कॅशियर असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"आणखी एकच," वहिनी म्हणाल्या. "घरी पॉलिश कोण करायचं?"

"तीच. म्हणायची, दिवसभर लोकांच्या पायाशी बसता, घरी तरी बुटांना हात लावू नका. बूट कपाटात तीच ठेवायची, दाराशी तीच मांडायची. मी फक्त पाय घालायचो."

*

नंबरकाकांचं घर छोटं आणि टापटीप होतं. दाराजवळ एक बुटकं स्टूल होतं आणि त्याच्या शेजारी खिळ्याला बूट चढवायचा शूहॉर्न लटकत होता.

मुलगा तिथंच भेटला. चाळिशीचा, चेहऱ्यावर झोप न झाल्याच्या खुणा. भावजींनी त्याला पाहताक्षणी कॅशियरचं नाव खोडून मुलाचं लिहिलं.

"तुम्हाला वाटत असेल, मला घर हवंय," तो म्हणाला. "मला घर नको. बाबा पुन्हा पायऱ्यांवरून पडू नयेत, एवढंच. हे बघा." त्यानं बूट उलटा केला. टाचेच्या पुढे तळाला एक बारीक, जाळून उठवलेला चांदणीसारखा ठिपका होता. "बाबांची खूण. स्वतःच्या प्रत्येक वस्तूवर ते ती उठवायचे. लहानपणी मी यावर बोट ठेवून खेळायचो. बूट तेच आहेत. मला हे सिद्ध करायला आनंद होतोय असं समजू नका."

वहिनींनी भिंग काढलं. खूण जुनी होती, तिच्या खळग्यात वर्षांचं पॉलिश बसलं होतं. मग त्यांनी नंबरकाकांना बूट घालायला लावले आणि लेस घट्ट ओढली. लेसच्या दोन्ही बाजूंच्या कातड्याच्या कडा एकमेकींना टेकल्या.

"भावजी, ही लेस बघा. भोकात घासून घासून जिथं झिजली आहे, तो भाग कुठं आला?"

"भोकाच्या बाहेर. बोटभर पुढे."

"हं." त्यांनी बूट काढून घेतला आणि जीभ उलटी केली. आतल्या बाजूला कडेकडेनं बारीक बारीक टोचे होते, ओळीनं, पण दोरा कुठंच नव्हता.

"किडा लागला असेल," भावजी म्हणाले.

"ओळ धरून खाणारा किडा फार शिस्तीचा म्हणायचा," वहिनी म्हणाल्या आणि बूट बाजूला ठेवला. "काका, आमच्या भावजींचं माप घेता का? बिचारे सकाळपासून लंगडताहेत."

भावजी लाजले, पण नंबरकाकांच्या अंगात एकदम जीव आला. निवृत्तीच्या दिवशी दुकानानं दिलेली लाकडी मापपट्टी त्यांनी कपाटातून काढली, गुडघा दुखत असतानाही खाली बसले आणि भावजींचा पाय दोन्ही हातांनी पट्टीवर ठेवला. इतक्या अदबीनं आपला पाय कुणी हातात घेतल्याचं भावजींना आठवत नव्हतं.

"बूट कधी घेतलेत?"

"सकाळी. दुकान उघडल्या उघडल्या."

"तिथंच चुकलं. दिवसभरात पाय फुगतो, बूट संध्याकाळी घ्यावेत. सरळ उभे राहा. समोर बघा, खाली नाही. वाकलात की भार पुढे येतो, पाय पसरतो आणि माप खोटं येतं. तरी माणसं वाकून बघतातच. आपला पाय कुणी पळवून नेणार असल्यासारखी."

भावजी समोर बघत राहिले. पट्टीवरचा सरकता तुकडा अंगठ्याला टेकला.

"सात," नंबरकाका म्हणाले.

वहिनींनी मुलाकडे पाहिलं. "डोकं ठिकाणावर नसलेला माणूस चालीवरून नंबर सांगतो, आणि तो बरोबर निघतो."

मुलानं वाकून वडिलांना हात दिला आणि उठवलं.

*

नंबरकाकांची मुलगी त्याच गावात राहायची आणि रोज वडिलांकडे चक्कर मारायची. ती स्वयंपाकघरात धुतलेले कपडे घडी करत होती.

"बुटांना मी हात लावलेला नाही," ती म्हणाली. "आई गेल्यावर मी तिचं फक्त एकच नेलं, शिवणाचा डबा. आठवण म्हणून."

"काय काय आहे त्यात?"

"बटणं, रिळं, कसलेतरी राखाडी कापडाचे तुकडे. आणि कोटाच्या खांद्यात घालतात ना, तशा दोन छोट्या गाद्या. एकीत सुई तशीच अडकवलेली होती, माझ्या बोटाला टोचली."

"आई कोट शिवायच्या?"

"छे. कोट शिंप्याकडेच असायचे. आई मोजे रफू करायची, बटणं लावायची, एवढंच." तिनं हातातला मोजा वर धरला. "आता हे मला जमत नाही. परवा एकदाच घातलेला नवा मोजा, आणि टाच बघा कशी विरली."

"त्या दिवशी त्या काय करत होत्या? म्हणजे शेवटच्या दिवशी."

मुलीचा आवाज बारीक झाला. "खिडकीपाशी शिवत बसली होती. बाबांची चाहूल लागली तसा डबा बंद करून उठली. म्हणाली, जरा पडते. मग उठलीच नाही."

वहिनींनी तिच्या हातातला मोजा घेतला आणि विरलेली टाच पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "संध्याकाळी तो डबा घेऊन ये, बाळ."

*

शेजारचे कॅशियर दार उघडताक्षणी म्हणाले, "हॅट मी नेली नाही."

"मी अजून विचारलंच नाही."

"त्याचे पाहुणे पहिल्यांदा तेच विचारतात. इतकी वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहतोय, पण त्या हॅटीपायी त्यानं मला कधी मनापासून चहाला बोलावलं नाही. त्याची बायको गेली तेव्हा चार दिवस मी त्याच्याजवळ बसून होतो, तेव्हाही तो खुंटीकडे बघत होता."

त्यांनी आपला जोड आणून दाखवला. तसाच काळा, तसाच लेसवाला, पण नंबर सात; नंबरकाकांच्या बुटांवर नऊ होता. जीभ पातळ, पुठ्ठ्यासारखी.

"ही पहिल्यापासून अशीच?" वहिनींनी विचारलं.

"पहिल्यापासून. त्या बनावटीत जाड जीभ नव्हतीच. बूट मात्र असे बसलेत की विचारू नका. त्यानंच माप घेतलेलं. माणूस संशयी आहे, पण त्याच्या हाताला तोड नव्हती. नवरदेव असो नाहीतर नोकरीच्या मुलाखतीला जाणारा पोरगा, याच्या हातून बूट घालून निघाला की चालच बदलायची."

"आणि त्यांचं माप कुणी घेतलं?"

"त्यानं स्वतःच. मी म्हटलं, मी घेतो. म्हणाला, तू गल्ल्यावर बस. त्याचा पाय त्यानं कुणाच्या हातात दिलाच नाही. त्यातून मालक, गिऱ्हाइकं, सगळे टाळ्या वाजवत उभे."

बाहेर आल्यावर भावजी कुजबुजले, "दोघांच्या बुटाचा नंबर वेगळा, म्हणजे अदलाबदल नाही. मुलानं दाखवलेली खूण खरी. मग म्हातारा चुकतोय. वाईट वाटतंय, वहिनी."

"म्हातारा चुकत नाहीये. आणि मुलगाही चुकत नाहीये. दोघंही खरं बोलत असतील, तर काय उरतं?"

भावजींनी बराच विचार केला. उत्तर आलं नाही, पण नंबरकाकांनी बूट सैल करून दिल्यामुळे पाय मात्र कमी दुखत होता.

*

उतरत्या उन्हात सगळे नंबरकाकांच्या बाहेरच्या खोलीत जमले. कॅशियर दाराजवळच उभे राहिले. मुलीच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. बूट मधल्या टेबलावर होते आणि त्यांच्या शेजारी घराची किल्ली. ती नंबरकाकांनी स्वतःच काढून ठेवली होती.

"बूट बदललेले नाहीत," वहिनी म्हणाल्या.

नंबरकाकांनी मान खाली घातली. मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा. बूट तेच आहेत, आणि काकांची तक्रारही शंभर टक्के खरी आहे. टाचेला सैल आणि चवड्याला घट्ट, यावर भावजी हसले, तुम्हीही हसलात. पण बूट लांब असला की पाय आत पुढे सरकतो. टाच मागे रिकामी राहते आणि बोटं पुढच्या निमुळत्या भागात जाऊन चेचली जातात. एकाच बुटाचे हे दोन्ही त्रास आहेत. भ्रम झालेल्या माणसाला इतकी नेमकी तक्रार सुचत नाही."

"पण इतकी वर्षं बसत होते ना?" मुलगा म्हणाला.

"बसत होते, कारण आत काहीतरी होतं. लेसवरच्या झिजेच्या खुणा बघा, आता त्या भोकांच्या बाहेर येतात. म्हणजे लेस पूर्वी इतकी ओढली जात नव्हती, मध्ये काहीतरी भरलेलं होतं. काका म्हणतात जीभ गादीसारखी होती. कॅशियर म्हणतात त्या बनावटीला जाड जीभ नव्हतीच. दोघंही खरे आहेत. जिभेच्या आत ओळीनं सुईची भोकं आहेत. तिथं गादी टाचलेली होती. अशी गादी पायाला वरून दाबून मागे टाचेकडे ढकलते, आणि मोठा बूट बरोबर बसतो."

"मी नाही टाचली," नंबरकाका म्हणाले.

"तुम्ही घरी बुटांना हातच लावत नव्हता. कुणी लावू दिला नाही?"

मुलीनं डब्यावरचे हात काढून घेतले.

"पण मोठा बूट कसा असेल?" नंबरकाकांचा आवाज चढला. "माप मी घेतलं होतं. मी."

"तेच तर झालं, काका. दिव्याखाली अंधार. भावजींना तुम्ही काय सांगितलंत? समोर बघा, वाकू नका, वाकलात की पाय पसरतो. गावातल्या प्रत्येकाला तुम्ही सरळ उभं केलंत. स्वतःचं माप स्वतः घेताना सरळ कसं उभं राहणार? पट्टी बघायला वाकावंच लागतं. आणि दुसऱ्यांची चाल बघून तुम्ही नंबर सांगत होता, तुमची चाल तुम्हाला कशी दिसणार? ती एकाच माणसाला रोज दिसत होती. तुमच्या मोज्यांच्या टाचा रफू करणाऱ्या माणसाला."

वहिनींनी डबा उघडला. बटणांच्या खालून दोन लहान, अर्धचंद्रासारख्या गाद्या काढल्या. राखाडी, एका बाजूला काळं कापड लावलेल्या. एकीच्या कडेला चार टाके घातलेले होते आणि पाचव्या टाक्याशी सुई अजून काळ्या दोऱ्यासकट अडकलेली होती.

"दाबून चपट्या झाल्या की त्या नव्या करत असणार. या वेळी जुन्या उसवल्या, नव्या करायला घेतल्या आणि तुमची चाहूल लागली म्हणून डबा बंद केला. बुटांतून कुणी काही चोरलं नाही. घालायचं तेवढं राहून गेलं."

"मला का नाही सांगितलं तिनं?" नंबरकाका म्हणाले. "एवढी वर्षं?"

"चोख माप घेणारा म्हणून सत्कार झालेल्या माणसाला त्याच बक्षिसाचं माप चुकलंय, हे कोण सांगणार? तुम्ही असता तर सांगितलं असतंत?"

नंबरकाकांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसायची घाई केली नाही.

वहिनींनी डब्याच्या तळातून राखाडी फेल्टचा उरलेला तुकडा काढला. कड कुठल्या कुठं गेली होती. वर्षानुवर्षं कात्री चालून हॅटीचा वरचा गोल तेवढा शिल्लक होता, आणि आतल्या पट्टीवर चांदणीसारखा जाळलेला ठिपका.

दाराजवळून कॅशियर हळूच म्हणाले, "वारा."

पहिल्यांदा मुलगी हसली, मग मुलगा. नंबरकाका उठले, दाराशी गेले आणि कॅशियरचा हात धरून त्यांना खुर्चीवर आणून बसवलं. "चहा घेऊन जायचं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण कॅशियरना ते पुरलं.

मुलानं टेबलावरची किल्ली उचलली आणि वडिलांच्या हातात ठेवली. "दाराबाहेरच्या पायऱ्यांना मात्र कठडा बसवून जाईन," तो म्हणाला. "त्याला नाही म्हणू नका."

"नाही म्हणत. आधी एक काम कर." नंबरकाकांनी लाकडी पट्टी त्याच्यापुढे केली.

मुलगा गुडघ्यावर बसला. त्यानं वडिलांचा पाय दोन्ही हातांनी, लहानपणी दुकानात पाहिलं होतं तसाच, पट्टीवर ठेवला. नंबरकाका सरळ उभे राहिले. खाली बघायचा मोह त्यांना किती झाला असेल ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं, पण ते समोर खिडकीकडे बघत राहिले. तिथं तिची खुर्ची होती.

"किती?"

"आठ, बाबा."

बुटांवरचा नंबर नऊ होता. नंबरकाकांनी मान हलवली.

मुलगी गादी घेऊन पुढे आली. "द्या, मी टाचते."

"नको. तुझ्या आईनं सुई ठेवलीय तिथून मीच पुढे घालतो." ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि गादी मांडीवर घेतली. पाचवा टाका वाकडा आला. तो त्यांनी उसवला नाही.

"निदान हॅटीचं तरी सांगायचं होतंस," ते हळूच म्हणाले आणि सहावा टाका घालायला लागले.